अर्धा फूट कमी

धाकटा भाऊ शिवराज आमच्या शेंद्रे गावात माझ्या घराला खेटूनच घर बांधायला लागला. आमच्यात धाकट्याचं घर थोरल्यापेक्षा उंच नसतं. माझं छत साडेदहा फुटांवर. तो आपणहून म्हणाला, "आप्पा, मी दहाच फूट ठेवतो. तुमचा मान राहू द्या."

बांधावरची वीतभर माती न सोडणारा हा गडी अर्धा फूट सोडतोय? मला काय पटंना. माझी बायको सरूबाई म्हणाली, "नमतं घेतोय तर घेऊ द्या की."

"नमणारा नाय तो," मी म्हणालो.

स्लॅब टाकून झाल्यावर मी स्वतः टेप लावला. दहा फूट बरोबर. पण वर कॉलमच्या सळ्या तशाच उभ्या!

"ह्या कशाला रे?"

"वास्तुशांतीचा मांडव बांधायला, आप्पा."

वास्तुशांतीला त्या सळ्यांना खरंच मांडव बांधलेला दिसला आणि मला माझीच लाज वाटली. मी चारचौघांत त्याच्या पाठीवर हात ठेवला. "भाऊ असावा तर असा!"

शिवराज वाकून पाया पडला आणि हळूच म्हणाला, "आप्पा, वरच्या मजल्याला किती फूट ठेवू?"