कुणाचा नवस

आष्टी मागे पडली तसा सुरेखाने पदर कपाळावर आणखी पुढे ओढला आणि बॅनरची काठी या हातातून त्या हातात घेतली. काठी अशी धरली की रस्त्यावरच्या माणसांपासून तिचं तोंड बरोबर झाकलं जायचं. बॅनरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मनाचा आजार लपवू नका.' त्याच्याच आडोशाने ती चालली होती.

कमरेला खोचलेला मोबाईल पुन्हा थरथरला. नवऱ्याचा फोन.

"कुठवर आली?" कडूबाने विचारलं.

"पिंपळगाव येऊनच राह्यलं."

"तुला सांगितलं व्हतं ना, आष्टीतून एसटी धर म्हणून? पाय दुखून राह्यले म्हणायचं अन् जल्दी माघारी यायचं. सुपारी आठ दिवसांवर आलीय पोरीची. व्हणाऱ्या सोयऱ्यांनी तुला त्या बोर्डाखाली पाह्यलं, तर काय समजायचं ते बराबर समजतील."

"प्रेमनं गोळी घेतली का?"

"घेतली. सारखा पाणी पिऊन राह्यला. तोंड कोरडं पडतं म्हणतो. तू ऐकून राह्यली का मी काय म्हणतो ते?"

ती ऐकत होती. आष्टीच्या स्टँडवर मंठ्याची गाडी लागलेली होती, कंडक्टरने "चढा मावशी" म्हटलं होतं, तिने एक पाय पायरीवर ठेवलाही होता. पण दुसरा पाय काही उचलेना. गाडीत दीड-दोन तास नुसतं बसून राहायचं, या विचारानेच तिला धडधडायला लागलं. घरातही तिला बसवत नसे. भाकरी तव्यावर टाकून ती उठायची, मागच्या खोलीच्या दारापर्यंत जायची, आतली चाहूल घ्यायची आणि परत यायची. तोवर भाकरी करपलेली असायची. रस्त्यावर निदान पायांना काम होतं.

मागच्या खोलीत तिचा मुलगा होता. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला प्रेमची झोप गेली, मग जेवण गेलं, मग तो भिंतीशी बोलायला लागला. जालन्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. गावाच्या लेखी मात्र तो पुण्याला परीक्षेचा अभ्यास करत होता. नवरा-बायकोने ही थाप इतकी चोख सांभाळली, की शेजारणीने पुण्याला पाठवायला म्हणून चिवड्याचा डबा दिला. तो डबा प्रेमने मागच्या खोलीत बसून संपवला.

ही पदयात्रा काढली होती मंठ्याच्या कॉलेजातल्या भुजंग सरांनी. मंठ्यात एक खोली घ्यायची, आठवड्यातून एकदा तिथे मनाचा डॉक्टर बसवायचा, आणि ज्यांना गाडीभाडं परवडत नाही त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च करायचा, यासाठी मदत गोळा करायची होती. सोबत दोन नर्स होत्या, काही विद्यार्थिनी होत्या आणि अंगणवाडीची बाई म्हणून सुरेखा. बाईंना समाजकार्याची हौस आहे, असंच सगळ्यांना वाटत होतं.

पण गावोगावच्या बायकांनी या यात्रेचं भलतंच करून टाकलं होतं. एवढं ऊन अंगावर घेऊन माणसं पायी येतात, म्हणजे नवस असणारच. नवसाशिवाय कोण कशाला पायपीट करील? गाव आलं की पाट मांडला जायचा, पायांवर पाणी घातलं जायचं, आणि मदतीच्या पेटीला हळदीकुंकू लावलं जायचं. आष्टी येईपर्यंत पेटीवरची 'मदत' ही अक्षरं कुंकवाखाली दिसेनाशी झाली होती. एका आजीने तर पेटीपुढे नारळ फोडला.

"आजी, हा नवस नाही. ही जनजागृती आहे," भुजंग सर घसा फोडून सांगायचे.

बायका शांतपणे सगळं ऐकून घ्यायच्या, माना डोलवायच्या आणि विचारायच्या, "ते बराबर हाये सर. पर नवस कुणाचा?"

कारण ज्याच्यासाठी चालायचं त्याचं नाव घेऊनच पायांवर पाणी घालायची रीत होती. सर 'समाजाचा' म्हणायचे. सुरेखा 'सगळ्यांचा' म्हणायची आणि पाय चटकन मागे घ्यायची. आतापर्यंत निभावलं होतं.

मोसंबीच्या बागा संपल्या आणि कुंभार पिंपळगावची घरं दिसायला लागली. वेशीजवळ बायका पाट मांडून उभ्या होत्या. बॅनरच्या कडेवरून सुरेखाने हळूच पाहिलं आणि काठी आणखी जवळ ओढली. सगळ्यांच्या पुढे, हातात तांब्या घेऊन, नंदाबाई उभ्या होत्या.

नंदाबाई याच गावच्या. त्यांच्या मुलाशी, माऊलीशी, सुरेखाच्या अर्पिताचं लग्न जमत आलं होतं. दिवाळीनंतर ही मंडळी मंठ्याला मुलगी पाहायला आली होती. नंदाबाई उंच, सावकाश बोलणाऱ्या. गालात सतत खडीसाखर. त्या गेल्यावर अर्पिता गाल फुगवून त्यांची नक्कल करून दाखवत होती. जाताना त्या सुरेखाला म्हणाल्या होत्या, "सुपारी फुटल्याबिगर मी तुमाला इहीणबाई म्हणणार न्हाई हां. नजर लागती." त्याच बैठकीत त्यांनी विचारलं होतं, पोरीचा भाऊ दिसत नाही? आणि कडूबाने सराईतपणे पुणे सांगितलं होतं.

काठी आडवी धरण्यात आता अर्थ नव्हता.

"ताई, तुमी?" नंदाबाईंचा चेहरा उजळला. "मला काहून कळवलं न्हाई? या, पाटावर पाय ठेवा."

सुरेखाने पाय ठेवला. नंदाबाई खाली वाकल्या, तांब्या कलता केला.

"कुणाचा नवस?"

"सगळ्यांचा."

तांब्या तसाच कलता राहिला. पाणी काठाशी आलं होतं, पण खाली पडत नव्हतं.

"असं न्हाई चालत ताई. एक नाव घ्या."

"हा नवस नाही," मागून भुजंग सर सुरू झाले, पण त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. बायका वाट पाहत होत्या. मोबाईल पुन्हा थरथरायला लागला होता. अर्पिताचं नाव घेतलं असतं तर सगळं गोड झालं असतं. लेकीच्या सुखासाठी आई चालली, म्हणून गावभर कौतुक झालं असतं. नाव अगदी ओठावर आलं होतं. पण इतक्या गावांत, इतक्या जणींनी तिच्या पायांवर पाणी घातलं, आणि ज्याच्यासाठी ती चालत होती त्याचं नाव एकदाही कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. तिनेच निघू दिलं नव्हतं. तिला पोराची लाज वाटत होती, आणि त्या लाजेचीच आता जास्त लाज वाटली.

"माझ्या पोराचा," ती म्हणाली. "प्रेमचा."

"पुण्याला हाये तो?"

"पुण्याला न्हाई. घरीच हाये. मनाचा आजार हाये त्याला. दीड वरीस झालं, गोळ्या चालू हायेत."

नंदाबाईंच्या तांब्यातलं थोडं पाणी पाटाच्या बाहेर सांडलं. सुरेखाला अर्पिताचा चेहरा दिसला, मग कडूबाचा. झालं, मोडलं, असं तिच्या मनाने घेतलं. पाय मागे घ्यावा आणि चालायला लागावं, पुढचं गाव येईपर्यंत थांबू नये.

"प्रेमच्या नावानं," नंदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाणी घातलं. मग दुसऱ्या पायावर घातलं. आपल्या पदराने दोन्ही पाय पुसले. पुसता पुसता मान वर न करता, फक्त सुरेखालाच ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं,

"तोंड कोरडं पडत असंल त्याचं?"

सुरेखा दचकली. हे तर तिने सांगितलं नव्हतं.

"व्हय. सारखा पाणी पितो."

नंदाबाईंनी पदराची गाठ सोडली. आतला खडीसाखरेचा मोठा खडा काढून सुरेखाच्या हातावर ठेवला आणि तिची मूठ आपल्या हातांनी मिटवली.

"गालात धरायला सांगा. इलायचीनं भागत न्हाई. माझ्या गोळ्यांपायी मी समदं करून पाह्यलंय."

मग गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या आणि घराकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगं, चहा टाका. बसा, इहीणबाई."

मोबाईल थरथरतच होता. सुरेखाने काठी एका पोरीच्या हातात दिली आणि ती तिथेच, त्या ओल्या पाटावर बसली.