रॉसच्या रंगाचा बोया

मी एक जुना लाकडी बोया आहे, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावरचा. हसू नका, मित्रांनो. शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, पकडायचा पिंजरा समुद्राच्या तळाशी असतो; तो कुठे आहे आणि कोणाचा आहे हे वर तरंगून सांगतो तो मी. आता सगळीकडे फोमचे बोये आले आहेत, हलके आणि पोकळ मनाचे. मी देवदाराचा आहे, आणि त्याचा मला थोडा तोरा आहेच.

मर्टन ॲलीने मला स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून तासले. त्याचा मुलगा रॉस दहा वर्षांचा झाला होता आणि त्याला स्वतःचे पाच पिंजरे हवे होते. पिंजरे म्हटले की रंग आला. इथे प्रत्येक कोळ्याचा रंग त्याचा एकट्याचा. दुसऱ्याने तो वापरायचा नाही. रॉसने पिवळ्यावर हिरवा पट्टा निवडला. त्याचा मित्र लायल म्हणाला, हे तर सडके केळे दिसते. रॉसने ब्रश त्याच्या नाकावरून फिरवला. तिथून पुढे दोघे माझ्यासोबतच वाढले.

काय वर्षे होती ती! दोघे पहाटे होडी काढायचे, ओले सँडविच अर्धे अर्धे खायचे, दिवसभर एकमेकांची टर उडवायचे आणि मला ओढून घेताना 'चल रे म्हाताऱ्या' म्हणायचे. मी तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होतो!

विसाव्या वर्षी दोघे एकाच दिवशी सैन्यात भरती झाले आणि पुढे एकत्रच इराकला गेले. जाताना मला लायलच्या शेडमध्ये खिळ्याला टांगले. परत आला तो एकटा लायल. रॉसला त्याच्या पाच महिने आधीच शवपेटीतून आणून इथल्या टेकडीवर पुरले होते, आणि तेव्हा लायल तिकडेच लढत होता.

लायलने मला खाली घेतले आणि माझ्यावर कपाळ टेकवले. मर्टनचे घर दोन वळणांवर होते, पण तो गेला नाही. दुकानात जायचे तरी लांबून जाई. रॉसचा शेवटचा दिवस सांगू शकणारा माणूस जगात एकच, आणि तो तोंड चुकवत होता. मर्टन वाट बघून बघून खंगत चालला होता.

मे महिन्यात लायलने रंगाचे दोन डबे आणले. मला समोर ठेवून त्याने आपले सगळे बोये पिवळे-हिरवे केले आणि आम्हाला पाण्यात सोडले. रॉसचा रंग पुन्हा लाटांवर दिसावा, एवढेच त्याच्या मनात होते. अरे, त्याच्या बापाला विचार तरी, असे मला ओरडून सांगावेसे वाटले. पण आम्ही पडलो मुके.

तिसऱ्या दिवशी मर्टनची होडी बेटाला वळसा घालून आली आणि तिचे इंजिन एकदम थांबले. त्याने मला उचलले. मला लायलशिवाय दुसरे कोणी पाण्यात टाकणार नाही, हे त्याला ठाऊक होते. त्याने माझ्या दांड्याला दोराच्या दोन गाठी मारल्या, करकचून, आणि मला सोडून दिले. या गाठींचा अर्थ इथल्या शेंबड्या पोरालाही कळतो: तू चुकलास, पुढच्या वेळी दोर कापीन.

लायलने गाठी बघितल्या. मला काखेत मारून तो तसाच, ओल्या बुटांनी, मर्टनच्या घरी गेला. मर्टन पायरीवर बसून पिंजऱ्याची जाळी विणत होता.

"मर्टन, तुम्हाला दुखवायचं नव्हतं मला."

"वळसा घातला आणि पिवळं दिसलं," मर्टन जाळीकडे बघत म्हणाला. "इंजिन बंद करेपर्यंत माझा पोरगा जिवंत होता, लायल. मग तो पुन्हा एकदा गेला."

लायल खालच्या पायरीवर बसला. "तो गेला आणि मी आलो. दारात येऊन काय बोलणार होतो मी?"

"बोलायचं नव्हतंच काही. यायचं होतं." मर्टनने जाळी खाली ठेवली आणि विचारले, "एकटा होता का रे तो?"

"नाही. माझ्या मांडीवर डोकं होतं त्याचं. म्हणाला, हाताला अजून हेरिंग माशाच्या आमिषाचा वास येतो बघ. मी हुंगून बघितलं. काही येत नव्हता. येतो, म्हटलं. तो हसला."

मर्टनही हसला, आणि मग लहान मुलासारखा रडला. लायलने त्याला धरले. कोण कोणाला धरून होते, ते मला सांगता यायचे नाही. डोळे पुसून झाल्यावर मर्टनने माझ्या गाठी नखांनी सोडवल्या. बाकीच्यांना तुझा रंग दे, हा एक राहू दे, असे तो म्हणाला.

आता दर वसंतात दोघे मिळून मला रंगवतात. म्हाताऱ्याचा हात कापतो, पट्टा वाकडा येतो. लायल तो सरळ करत नाही. मित्रांनो, मला आणखी काही नको. तुमच्या ओळखीत कोणी आपले माणूस गमावून बसले असेल, तर त्याच्या घराला वळसा घालून जाऊ नका. काय बोलावे सुचत नसेल तर बोलू नका. पण जा.