यादीतला मामा

आमच्या योग्याची कॉम्प्युटरची भाषा एका अक्षराची. आर. भाषेला धड नाव ठेवायचाही ज्यांना कंटाळा, त्यांच्याकडं हा शिकला, तेव्हाच मी ओळखायला पायजे होतं. योगेंद्र माझा पुतण्या. कर्जतला खोली घेऊन राहतो आणि मुंबईच्या कुठल्याशा कंपनीची आकडेमोड करतो. किती माणसं आजारी, कुणाला कुठली गोळी लागू पडली, असले ढीगभर आकडे. लॅपटॉप मात्र एवढुसा, त्याच्या डोक्यात तो ढीग मावत नाय. मग ह्यानं आळशी यादी बनवली. शब्द त्याचा हां, माझा नाय. आकडे सगळे मागं कोठीत पडून राहतात आणि यादीला फक्त कुठलं कुठं ठेवलंय तेवढं माहीत. मागितलं की तेवढंच उचलून आणायचं, काम झालं की सोडून द्यायचं. डोकं आपलं रिकामं.

कंपनीत चालत असेल. ह्यानं ते बहिणीच्या लग्नात चालवलं.

बहीण म्हणजे निशिगंधा, आमची निशी. माझे दीर गेल्यापासून त्या घरात कर्ता योग्याच, आणि त्याची आई सुनिता लेकापुढं तोंड उघडत नाय. लग्नाच्या दिवशी सकाळी मी कळंबला त्यांच्या अंगणात जाऊन बघते तर सडा घातलेला आणि मधोमध एक प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीत योग्या, मांडीवर लॅपटॉप. मांडव नाय, चूल नाय, आचारी नाय.  त्याला विचारलं, तर म्हणे सगळं हाय की, काकी. मांडव चौक गावच्या ठेकेदाराकडं, भांडी कर्जतला, तांदूळ गिरणीत. आताच आणून कशाला गर्दी करायची? तू नुसतं नाव घे.

मी रागानंच म्हटलं, "तांदूळ." त्यानं बटण दाबलं, कुणाच्या तरी मोबाइलवर 'या' गेलं, आणि मी पदर खोचते ना खोचते तोवर टेंपो दारात. पहिल्या हंड्यापुरतं पोतं उतरवलं आणि बाकीचे तांदूळ घेऊन गेला निघून.

खोटं कशाला बोलू, थोडा वेळ मलाही गंमत वाटली. मांडव म्हटलं, मांडव आला. भटजी म्हटलं, भटजी आले. पण काम झालं की सोडून द्यायचं, हा दुसरा नियम मी विसरलेच होते. नवऱ्याची आत्या नमस्काराला उठली, खुर्ची रिकामी झाली, खुर्ची गेली. ती बिचारी बसली ती सरळ जमिनीवर. पूजा आटपली तसे भटजींनाही सोडून दिलं. ते चौकला दुसरं लग्न लावून परत आले आणि आमच्या नवऱ्याला तिकडच्याच नवऱ्याच्या नावानं हाका मारायला लागले. योग्या म्हणाला, असं होतं कधी कधी.

ह्या सगळ्यात निशी आतल्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसलेली आणि येईल त्याला एकच विचारत होती, मामा आला का?

नामामामा. सुनिताचा सख्खा भाऊ, ओढ्यापलीकडं घर. बाप गेल्यावर निशीला पावसाळ्यात खांद्यावर घेऊन ओढा पार करून शाळेत सोडणारा. बोहल्यावर आणायला मुलीला तोच पायजे, ह्यावर ती अडून बसलेली. आणि आमच्याकडची रीत अशी, की पत्रिका म्हणजे नुसती खबर. ऐन वेळेला घरचं माणूस दारात जाऊन 'चला' म्हणत नाय, तोवर सख्खा असला तरी उंबरा ओलांडत नाय. अंघोळ करून, कपडे करून, उपाशी बसेल, पण येणार नाय. हे योग्याला मी सांगायचं? त्याच गावात वाढलाय ना तो!

मी विचारलं, मामाला बोलावलं का रं? तर म्हणे यादीत हाय, काळजी नको.

तेवढ्यात नवऱ्याचे चुलते साईनाथराव आले. रिकामा मांडव बघून त्यांचं डोकं फिरलं. पाहुण्यांना काय हवा खायला घालताय, तुमची तयारी सगळी एकदम दाखवा, म्हणाले. योग्याच्या तोंडचं पाणी पळालं. आळशी यादीला सगळं एकदम मागायचं नसतं, तिचं डोकं फुटतं, असं तो समजावत होता. पण वरपक्षाला नाय म्हणायची कुणाची टाप? त्यानं डोळे मिटून बटण दाबलं.

आलं की सगळं. तांदूळ, भांडी, खुर्च्या, बँड, बर्फ, आचारी, आणि वरातीचा घोडा टेंपोत. गावात यायला ओढ्यावर एकच मोरी, म्हणजे गाडीपुरता बुटका पूल, तिच्यावर सगळे टेंपो एकमेकांत घुसले आणि जागच्या जागी बसले. इकडं लॅपटॉपही गपगार झाला.

भटजींचं घड्याळाकडं लक्ष. म्हणाले, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. लॅपटॉप बंद, म्हणून योग्यानं मोबाइलातच 'मामा' शोधला आणि धाडलं 'या'.

मामा आले. पांढरा शर्ट, खाकी पँट, गळ्यात शिट्टी. पार्किंगचं विचारायला योग्यानं चौकच्या नाक्यावरच्या वाहतूक हवालदाराचा नंबर घेतलेला, तो 'मामा' म्हणून. सख्खा मामा आपला 'नामा' म्हणून पडलेला. हवालदार मोरीवर टेंपो सोडवत होता, तो निरोप बघून धावत आला आणि इथला जाम कुठंय विचारायला लागला. मामा आले, मामा आले म्हणत बायकांनी त्याला पुढं ढकललं. कुणी टोपी घातली, कुणी गंध लावलं. त्यालाही वाटलं असेल, इकडची पद्धत असेल बाबा. त्यानं शिट्टी फुंकली, एका हातानं पाहुणे थांबवले आणि दुसऱ्या हातानं नवरीला पुढं यायची खूण केली.

निशी उंबऱ्यातच थांबली. "हा माझा मामा नाय."

भटजी म्हणाले, वेळ जाते, मला चौकला परत जायचंय. साईनाथराव म्हणाले, मामा तो मामा. योग्या म्हणाला, "अगं, नामामामा यादीत हाय. सकाळीच मेसेज टाकलाय मी, 'आपण यादीत आहात' म्हणून."

मला असा संताप आला, की लॅपटॉप उचलून ओढ्यात टाकावा.  पण निशी शालू वर धरून सगळ्या वऱ्हाडासमोरून चालत ओढ्याच्या काठावर गेली आणि मुंडावळ्या बाजूला करून ओरडली, "नामामामा, चल!"

पलीकडच्या ओटीवर फेटा हलला. पहाटेपासून कडक इस्त्रीत बसलेला माणूस कोरड्या ओढ्यातून पोरासारखा धावत आला. डोळे भरलेले, पण योग्याकडं बघून म्हणाला, "यादीत हाय म्हनलास ना? म्हणून बसलो होतो यादीत."

आणि ती हाक काय एकट्या मामानं ऐकली? सगळी आळी नटूनथटून दाराआड बसलेली. भराभर दारं उघडली, सगळा गाव आला. आचारी, भांडी, तांदूळ सगळं टेंपोत अडकलेलं, म्हणून चूल मोरीवरच पेटली आणि पंगतही तिथंच बसली. हवालदारमामा पहिल्या पंगतीला जेवले आणि वाढप्यांना शिट्टीनं वाट करून देत होते.

निघताना निशी रडली नाय. योग्याला बाजूला घेतलं. "मलापण आता तिकडं ठेवून देशील. यादीत हाय म्हणून निवांत बसशील. तसं मी यायची नाय. हाक मारत जा मला."

 गाडी निघाली, हळूहळू मोरीपर्यंत गेली. तेव्हा ह्या शहाण्यानं लॅपटॉप खुर्चीत ठेवला, रस्त्याच्या मधोमध गेला आणि जीव खाऊन ओरडला, "निशे!"

गाडी थांबली. मग सबंध गल्लीतून उलटी उलटी येत दारापाशी आली. निशी दार उघडून घाईघाईनं उतरली. मागून साईनाथराव घाबरून, काय झालं, काय राहिलं, विचारायला लागले.

"काय नाय," योग्या नाक पुसत म्हणाला. "येतेस का ते बघितलं."