शंभर टक्क्यांचं गाव

“पोट दाखवा, मावशी.”

रुख्मिणीबाईनं पदर आणखीच आवळला. “काहून गं? ह्या वयात डोहाळे लागले म्हनतीस का मला?”

“टाके बघायचेत. न्हाईतर दवाखान्याचा कागद दाखवा. पिशवी काढली म्हनून तुमीच लिहून दिलं व्हतं.”

“टाके कुठले! तपासायला बाप्या डॉक्टर बसला व्हता, म्हनून दिलं ठोकून.”

अनुसूयानं वहीत पाचवी खूण केली. गावात अशा सतरा बायका होत्या. कागदावर त्यांना गर्भपिशवीच नव्हती. सहावी खूण करायला कोणाच्या दारी जायची गरज नव्हती.

दोन वर्षांपूर्वी उपकेंद्रात शिबिर झालं होतं. तिशीपुढच्या प्रत्येक बाईच्या पिशवीचं तोंड तपासायचं, कॅन्सर आधीच हेरायचा. गावाची आशा सेविका म्हणून अनुसूयानं दारोदार फिरून बायका गोळा केल्या. हटून बसली ती नेमकी शेजारची खुर्शीदबी. शिलाई मशीनवरून हललीच नाही.

“डॉक्टर बाप्या मानूस, अन् खिडकीला पडदा न्हाई. सडकेवरून ट्रॅक्टरवाले बघून राहिले ना गं. लिही, पिशवी काढली.”

“खोटं लिहू?”

“पुढच्या बारीला सोता येते. पडदाबी मीच शिवते, बस?”

दोघी हसल्या. आठच दिवसांपूर्वी खुर्शीदबीनं अनुसूयाकडूनच पॅडचं पाकीट नेलं होतं. तरी अनुसूयानं लिहिलं. पिशवी नसलेल्या बाईला तपासणी लागत नाही. यादी पुरी झाली, गाव शंभर टक्के झालं, अनुसूयाला प्रमाणपत्र मिळालं. पुढची बारी तेवढी आली नाही. शंभर टक्के झालेल्या गावात शिबिर कशाला येईल? खुर्शीदबीनं मात्र आठवड्यात पडदा शिवून दिला. तो अनुसूयाच्या पेटीत घडी होऊन पडला.

अंगावरून जातंय हे खुर्शीदबीनं कोणाला सांगितलं नाही. नांदेडला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

ती गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात तिचा नवरा लतीफ स्वतः वाढत होता. “अनुसूयाबाई, तिथले डॉक्टर विचारत व्हते, आधी कधी तपासलं न्हाई का. मी ठासून सांगितलं, आमच्या आशाबाईनं गावातली एक बाई सोडली न्हाई.”

अनुसूयानं भात सगळा खाल्ला. टाकला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ते कारण लतीफला सांगितलं. तो उठून आत गेला आणि दार लावून घेतलं. मग ती वही घेऊन यादीतल्या बायकांच्या दारोदार फिरत रुख्मिणीबाईकडे गेली होती.

आरोग्य केंद्रात संगणकावर बसणाऱ्या शौनकनं यादी पाहून कपाळाला हात लावला. “ताई, सहा नावं बदलली तर टक्का घसरतो. साहेब मला धरतील.”

“माझं नाव सांगा. अन् शिबिर मागा. बाई डॉक्टर पाह्यजे.”

“ही खुर्शीदबी तर वारली ना? तिचं काहून बदलता? मयत टाकतो, विषय संपला.”

“आधी तपासनी झाली न्हाई, ते टाका. मग मयत.”

“कारण मागून राहिलंय. नकार, स्थलांतर, इतर…”

नकार म्हटलं असतं तर तेही खोटं नव्हतं.

“इतर,” अनुसूया म्हणाली. “आशानं खोटं लिहिलं, असं टाका.”

शौनकनं तिच्याकडे पाहिलं. ‘इतर’ टाकलं आणि पुढची जागा मोकळी ठेवली.

महिन्यानं शिबिर आलं. उपकेंद्राच्या खिडकीशी अनुसूया स्टुलावर चढून खिळा ठोकत होती. खिळा दोनदा वाकला. मागून कोणीतरी तिच्या हातातली हातोडी काढून घेतली. लतीफ होता. त्यानं दोन्ही खिळे ठोकले, दोरी ताणून बांधली. पडद्याला हात लावला नाही. हातोडी खिडकीत ठेवून तो आला तसा गेला.

अनुसूयानं पडदा ओवला. खुर्शीदबीनं माप टेपनं घेतलंच नव्हतं, येता-जाता वितीनं मोजलं होतं. खिडकीला तो बरोबर बसला.

“रुख्मिणीबाई,” अनुसूयानं पहिलं नाव पुकारलं.