जाड-पातळ आरांदेला

चरकाचा शाफ्ट इकडून तिकडे सरकायला लागला आणि दाते कडाकडा वाजायला लागले. पहिली काहील नुकतीच उतरली होती. माझा नवरा बेलिसारियो म्हणाला, "ओतिलिया, वॉशर झिजलंय." त्याच्या जागी त्याने सापडलं ते जाड वॉशर ठोकून बसवलं. झालं! शाफ्ट तापला, वाढला आणि गच्च अडकला.

"अहो, हलायला जरा तरी जागा ठेवाल की नाही?" मी ओरडले. अंगणात तोडलेल्या उसाचा ढीग पडलेला. उद्यापर्यंत आंबला की वर्षाचा गूळ गेला!

मग दूधवाल्याबरोबर गावात हर्सिलियाताईला निरोप धाडला, 'आरांदेला घेऊन ये, जाड-पातळ सगळ्या.' तिच्या शेजारीच लोखंडी सामानाचं दुकान, तिथे वॉशर मिळतात. आईच्या एका मेल्या पत्र्याच्या डब्यावरून आमचा दोन वर्षं अबोला होता, पण गरजच तशी पडली.

दुपारी ताई आली. ठेवणीतली शाल, ओठांना लाली आणि हातात तोच डबा. उघडला तर आत बिस्किटं! जाड, पातळ, सगळी.

"अगं, हे काय?"

"आरांदेला! चॉकलेट प्यायला बोलावलंस ना?"

आमच्याकडे वॉशरही आरांदेला आणि चॉकलेटबरोबरचा खाऊही आरांदेलाच. बेलिसारियो फिस्सकन हसला. ताईने बंद चरकाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"म्हणजे मला बोलावलंच नव्हतंस."

"बोलवायचं होतं गं! जीभ रेटत नव्हती," म्हणताना मला रडूच फुटलं.

"रड नंतर. ऊस आंबतोय."

झिजलेलं वॉशर परत बसवलं. मापासाठी उरलेल्या फटीत गुळाची कोमट गोळी दाबली, ती चपटी होऊन निघाली. तेवढी जाडी भरायची, पण केसभर कमी. पातळ पत्रा हवा होता. माझी नजर डब्यावर गेली आणि मीच ती वळवली.

ताईने बिस्किटं उसाच्या पाचटावर ओतली. "काप. नाहीतरी तुलाच द्यायला आणला होता."

झाकणातून तीन चकत्या निघाल्या. त्या जुन्या वॉशरमागे घातल्या, तेल सोडलं, आणि चरक फिरला, मुकाट्याने! शेवटची मोळी पिळून होईपर्यंत ताई शाल खोचून ऊस देत राहिली.

आता दर रविवारी येते. दारातूनच विचारते, "काय गं, आपला डबा कसा आहे?"