बिनहळदीचं वरण

"हे वरण हाय का पेज?" देवाजी ताटात बोट फिरवत पुटपुटले. "बिमारी पोराले, अन् पथ्य मले!"

"हळू बोला जी," चंपानं डोळे वटारले. "भिंतीपल्याड कांता आयकून राहिली असन."

रिसाली वस्तीतल्या त्या गल्लीत घराला घर चिकटलेलं. त्यांचा फौजी पोरगा नागसेन सरहद्दीवरून रजेवर आला तो झोप हरवूनच. सोबतचा जवान डोळ्यांदेखत गेला होता. कुकरची शिट्टी झाली की हा पलंगाखाली. फौजी दवाखान्यातल्या मॅडमनी गोळ्या दिल्या होत्या, अन् दर मंगळवारी त्या फोनवर त्याच्याशी बोलत. तेवढं बोलणं झालं की पोरगं दोन घास खायचं. पण गल्लीला काय सांगायचं? चंपाच्या तोंडून निघून गेलं, "पीलिया झाला." तेव्हापासून काविळीचं पथ्य म्हणून घरातली हळद डब्यात बंद, आणि नागसेन मॅडमशी बोलायचा न्हाणीघरात, नळ सोडून.

आज मंगळवार. आणि कांता थेट जामुलहून पीलिया झाडणारा मांत्रिक, बैगाच घेऊन आली.

देवाजी विहारात अंधश्रद्धेवर भाषणं ठोकणारे. त्यांनी बाबासाहेबांच्या फोटोकडे पाठ केली आणि स्वतःच्या पायांचे अंगठे बघत बसले. नको म्हणायचं, तर पीलियावर कुठलं औषध चालू आहे ते सांगावं लागलं असतं.

बैगानं नागसेनच्या तळहातांना चुना चोळला, मंतर म्हणत पाणी ओतलं. परातीतलं पाणी पिवळं झालं.

"पाह्यलं का, निघाला पीलिया!" कांता हरखली. "आता रविवारी विहारात येजो बाबू. फौजी म्हनून तुहा सत्कार करू."

नागसेन कसनुसं हसला. आईचं खोटं सांभाळायला त्यानं मुकाट हात पुढे केले होते; चंपाला त्याच्याकडे बघवेना.

तेवढ्यात फोन वाजला. मॅडमचाच. नागसेननं तो मांडीखाली दाबला. बंद झाला, पुन्हा वाजला.

"राहू दे माय," तो हळूच म्हणाला. "आता नाई बोलत मी. यापुढं बी नाई."

"कोनाचा हाय?" कांतानं विचारलं.

देवाजी खाकरले. "कंपनीवाल्यायचा. रिचार्ज करा म्हनते."

चंपानं फोन ओढून काढला आणि पोराच्या चुना लागलेल्या हातात ठेवला.

"बोल बाबू. इथंच बोल." मग ती कांताकडे वळली. "त्याच्या मनाच्या डॉक्टरीनबाईचा हाय. पीलिया-बिलिया काही नाई झाला त्याले. माह्या पोराचं मन बिमार हाय, कांता. अन् मले त्याची लाज वाटून राहिली होती."