एकशे बारावी पायरी

इचलकरंजीतल्या त्या यंत्रमाग कारखान्यात २००५ साली माणसावर ठपका ठेवण्यासाठी वहीतले दोन शब्द पुरत: ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. माग चालवणाऱ्या मीनाबाईंच्या नावापुढे ते दोनदा पडले होते. तिसऱ्यांदा पडले की त्यांचा माग सुटणार. अपराधी मात्र मी होतो. आडवा धागा तुटताच माग थांबवणारे यंत्र मी कोल्हापुरात माझ्या प्रयोगशाळेत बनवले होते. ते थांबवत नव्हते आणि कापड विरळ निघत होते.

दोष प्रीसेटमध्ये होता. यंत्राची संवेदनक्षमता ठरवणारा तो इवलासा फिरता स्क्रू मागाच्या धडधडीने रोज केसभर सरके. दुरुस्ती पाहणारा जॉबर बाळासो त्यावर बायकोचे नेलपेंट थापून तो पक्का करी.

“सर, लाल संपलं. आता गुलाबी लावलोय.”

“लाव की,” मीनाबाई म्हणाल्या. “माझी नोकरी तुझ्या बायकोच्या नखावर हाय.”

मी स्क्रूच काढला आणि त्या जागी आठ पायांची चिप बसवली: डिजिटल पोटेन्शिओमीटर. तिच्यात फिरणारे काहीच नाही. दोनशे छप्पन्न पायऱ्या. बटण दाबले की विद्युतरोध एक पायरी सरकतो. एकशे बाराव्या पायरीवर सारे जुळले. तीन तास माग धडधडला, पायरी ढळली नाही. मग भारनियमन झाले. वीज परतली तेव्हा चिप सारे विसरून मधल्या पायरीवर बसली होती आणि धागा तुटूनही माग चालत राहिला. रोज वीज जाणाऱ्या गावासाठी विसराळू चिप निवडणारा मी विद्वान! माहितीपत्रकातली ‘वीज गेल्यास पायरी जपली जात नाही’ ही तळटीप मी वाचलीही होती.

तिसरा ठपका लिहायला मालकांनी वही उघडली. मी आठवड्याची मुदत मागितली. मेहेरबानी म्हणून मिळाली.

दुसरी चिप स्मृती असलेली होती. पुन्हा एकशे बारा. पुन्हा वीज गेली. दीड तासाने माग सुरू झाला, तशी मीनाबाईंनी कात्रीने धागा तोडला. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या पुढच्याच फेरीला माग उभा राहिला.

स्मृतीवरचे जाडजूड ग्रंथ मी कोळून प्यालो आहे. तिळाएवढ्या सिलिकॉनात कोंडलेला मूठभर विद्युतभार दीड तास निराधार असूनही आपली जागा धरून राहिला, यावर त्यांतले एकही वाक्य मला सुचेना.

“आत कोन बसलंय?” मीनाबाईंनी दबक्या आवाजात विचारले.

“कोणी नाही. एक आकडा.”

“आन् त्यो इसरत न्हाय?”

“नाही.”

 त्या मालकांकडे वळल्या.

“मालक, वही काढा. माझ्या नावापुढचं खोडा. यंत्र चुकलं म्हनून लिवा.”

“यंत्रावर कसला ठपका ठेवायचा, बाई? कुणाचं तरी नाव लागतं.”

“मग सरांचं लिवा की!”

मी माझे नाव सांगितले, पदव्यांसह.